डावा गाल ज्येष्ठमधाचा

आमचे हे क्रीमच्या कारखान्यात अर्क काढायचे. मुळं, साली, पानं उकळायची, गाळायची, आटवायची. सगळा जन्म त्यात गेला. शेजारीपाजारी यांना काढेवाले म्हणतात. कुणीही भेटलं की हे आधी त्याच्या हाताच्या पाठीवर चिमटा काढतात आणि कातडी किती चटकन जागेवर जाते ते बघतात. माझी धाकटी जाऊ तर दोन्ही हात मागे धरूनच आमच्या घरात शिरते.

आयुष्यभर दुसऱ्यांनी सांगितलेलं उकळलं. निवृत्त होण्याआधी एक तरी अर्क आपला म्हणून डबीत जावा, एवढीच यांची इच्छा. ज्येष्ठमधाचा अर्क यांनी स्वतः बसवला होता. त्यानं कातडीचा ताण टिकतो, असं यांचं म्हणणं. पण कारखान्याला पुरावा लागतो आणि पुराव्याला गाल लागतो. घरात फुकटचा गाल माझाच.

रीत अशी, की डाव्या गालाला अर्क घातलेलं क्रीम आणि उजव्याला साधं. एकदा घाईत उलटं लावलं, तर यांनी असं तोंड केलं, जणू मी घरच पेटवलं.

चार महिन्यांनी कारखान्यातल्या तपासणीच्या मॅडमनी गालाला छोटी नळी लावली. ती कातडी ओढते, सोडते आणि कातडी किती चटकन परतली ते यंत्रावर दिसतं. डावा गाल उजव्याच्या कितीतरी पुढे! यांचा आनंद गगनात मावेना. मलाही भरून आलं.

मग मॅडमनी सहज विचारलं, कुठल्या कुशीवर झोपता? एक गाल रोज उशीत चुरगळत असेल, तर दुसरा बरा दिसणारच, मग त्यात अर्काचं काय? यांच्या सगळ्या कष्टांवर पाणी पडणार, म्हणून मी ठोकून दिलं, "उताणी."

"खोटं बोलतेय ती," हे म्हणाले. "मी घोरतो, म्हणून उजव्या कुशीवर तोंड फिरवून झोपते. लग्नापासून मी तिची पाठच बघत आलोय."

असा संताप आला! तोंडाशी आलेला घास या माणसानं स्वतःच लाथाडला. आणि मी समजत होते, मी पाठ फिरवून झोपते हे यांना कळतच नाही. संतापातच डोळे भरून आले.

मॅडमनी पुन्हा एक संधी दिली. या वेळी अर्क उजव्या गालाला, आणि झोपायचं खरोखर उताणं. कुशीवर निदान एक कान उशीत दबतो हो. उताणं झोपलं की दोन्ही उघडे. पुढचे चार महिने मी यांचं घोरणं अथपासून इतिपर्यंत ऐकलं. उजवा गाल पुढे निघाला. थोडासाच, पण निघाला. अर्क पास झाला.

पहिली डबी यांनी माझ्या हातात ठेवली. मग मला खिडकीशी नेऊन डोळ्यांखालची काळी वर्तुळं निरखली आणि म्हणाले, "झोप नाही झालेली तुझी. यावर काहीतरी करायला हवं."

घोरण्यावर काही करतील तर शपथ. निवृत्त झाल्यापासून माझ्याच पातेल्यात कसलीशी साल उकळत बसलेत.