उखडायचं मैदान

हाईरम प्रूइट पहाटे चारला उठायचा. त्याची बायको ओपल स्टोव्हवर त्याच्यासाठी कॉफी ठेवायची आणि स्वतःसाठी मक्याच्या पिठाची पातळ लापशी. तिचे वरचे सगळे दात काढावे लागले होते. दातांच्या डॉक्टरनं कवळी करून ठेवली होती, पण पूर्ण पैसे मिळेपर्यंत तो ती कपाटाबाहेर काढायला तयार नव्हता. म्हणून स्टुडिओतला सिनेमा संपेपर्यंत हाईरमचं माळीकाम टिकायला हवं होतं. स्टुडिओच्या फाटकाबाहेर त्याच्या जागेची वाट बघत माणसं रोज उभी असायची.

सिनेमा कॉलेजातल्या फुटबॉलचा होता, विनोदी. अंड्यासारखा चेंडू छातीशी धरून एक काटकुळा नट पळणार, धडधाकट पोरं त्याच्यावर पडणार, आणि लोक हसणार. त्यासाठी स्टुडिओच्या मागच्या माळावर हाईरमनं मैदान तयार केलं होतं. गवताची चौकोनी ढेपळं सांध्याला सांधा लावून बसवली, रूळ फिरवला, दोरी ताणून चुन्याच्या रेघा मारल्या. प्रेक्षकांच्या फळ्यांवर अर्धी माणसं खरी होती, अर्धी पुठ्ठ्याची. गवत मात्र सगळं खरं होतं. कॅन्ससमधल्या एका कॉलेजचं मैदान त्यानं अर्धं आयुष्य सांभाळलं होतं. मंदीत कॉलेजनं माळी कमी केले, तेव्हा तो पश्चिमेला आला.

शेवटच्या सामन्याच्या चित्रीकरणाच्या पहिल्याच सकाळी पोरांनी मैदानाची दशा करून टाकली. जेवणाची सुट्टी झाली, सगळे पंगतीला गेले. हाईरमनं सँडविच खिशातच ठेवलं. कॅन्ससमध्ये सामन्याच्या मध्यंतरात तो हेच करायचा, त्यामुळे इथंही त्याला दुसरं काही सुचलं नाही. उखडलेली ढेपळं जागच्या जागी दाबली, खड्डे भरले, पाणी मारलं, रेघा पुन्हा ओढल्या. गुडघे भरून आले. सुट्टी संपली तेव्हा मैदान नव्यासारखं झालं होतं.

मुकादम लेव्हिट सगळ्यांच्या आधी परतला आणि जागीच थांबला.

"हाईरम, हे काय केलंस?"

"दुरुस्त केलं."

"कुणी सांगितलं होतं?"

सांगण्याची वाट बघणाऱ्याच्या हाती मैदान देऊ नये, असं हाईरमचं मत होतं. पण कवळी आठवली. "कुणी नाही," तो म्हणाला.

लेव्हिटनं त्याला समजावलं ते असं. नटाची धाव सकाळी कॅमेऱ्यात अर्धीच घेतली होती. उरलेली अर्धी आता घ्यायची. पडद्यावर ती एकच धाव दिसणार. म्हणजे गडी एक पाऊल चिखलात टाकणार आणि दुसरं बागेत. तेवढ्यात दिग्दर्शक स्लोकम आले. ते ओरडले नाहीत. सकाळसारखं करा, एवढंच म्हणाले, आणि सूर्याकडे बघून खुर्चीत बसले. पोरांना पुन्हा लोळायला सांगावं तर त्याची वेगळी मजुरी लागणार होती, आणि ती द्यायला कुणी तयार नव्हतं.

हाईरमनं फावडं घेतलं. आत्ताच दाबलेलं ढेपूळ उचकटून उलटं टाकलं. मग पुढचं. ते पुन्हा सरळ करायला हात शिवशिवत होते, पण काम चोख झालं. स्लोकम मैदानभर फिरून आले.

"लेव्हिट, हा माणूस चिखलसुद्धा ओळीत घालतो," ते म्हणाले. पोरं खिदळली.

खरंच होतं. खड्ड्यांमधलं अंतर सारखं होतं, कडा सरळ होत्या. स्लोकमनी आणखी थोडाच वेळ दिला. ऊन गेलं तर दिवस वाया, आणि दिवस वाया गेला तर माळी बदलायचा, असं त्यांनी लेव्हिटला सांगितलं. हाईरमला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं.

एक पोरगं म्हणालं, "काका, गवताची माफी मागून झाली असेल तर सुरू करा."

मग हाईरमचं डोकं फिरलं. फावडं फेकून तो बुटांच्या टाचांनीच गवतावर तुटून पडला. रेघा लाथाडल्या, घसरला, पालथा पडला, उठला, पुन्हा घसरला. मुठीनं गवत उपटून भिरकावलं. कॉलेजला शिव्या दिल्या, स्टुडिओला दिल्या, गवत वाढायला किती दिवस लागतात तेही शिव्यांमध्येच सांगितलं. कोणी हसलं नाही.

"बास," स्लोकम म्हणाले. "आता हात लावू नका कुणी. कॅमेरा आणा."

ऊन उतरायच्या आत धाव पुरी झाली. संध्याकाळी लेव्हिटनं त्याला सांगितलं की सामना संपेपर्यंत रोज सकाळी उरलेल्या गवतावर हेच करायचं, साहेबांना हाच माणूस हवाय. हाईरमनं विचारलं, नंतर दुरुस्त कधी करायचं? लेव्हिट म्हणाला, कधीच नाही, सिनेमा संपला की इथं गोदाम बांधायचं आहे.

तो रोज चारला उठून गेला आणि आपण लावलेलं गवत तुडवत राहिला. घरी आल्यावर जेवण सोडून बुटांच्या टाचांतली माती खरवडत बसायचा. ओपल म्हणायची, पगार मिळतोय ना, मग? तिचं बरोबर होतं, आणि त्याचाच त्याला जास्त राग यायचा.

सिनेमा संपला. पैसे घेऊन तो थेट डॉक्टरकडे गेला. कवळी पहिला आठवडाभर हिरड्यांना टोचली. ओपल ती काढून ठेवायची, पुन्हा बसवायची. मग एका रविवारी तिनं सफरचंद घेतलं, कापलं नाही, तसंच चावलं.

"आंबट आहे," ती म्हणाली, आणि देठापर्यंत खाल्लं.