न नेलेले कपडे

लाँड्रीवाल्याला सगळा बाजार 'कडक' म्हणायचा. आपल्या दुकानातून तीस वर्षांत हातरुमालसुद्धा हरवला नाही, हे तो ऐकणाऱ्याचे कान किटेपर्यंत सांगायचा. आणि खोटंही नव्हतं ते. गिऱ्हाइकाचा चेहरा एखाद्या वेळी विसरेल, पण त्याच्या शर्टाची कॉलर कुठे झिजली आहे ते विसरणार नाही, असा माणूस.

नदीचं पाणी खालच्या वस्तीत शिरलं, तेव्हा त्याचं दुकान चढावर असल्यामुळे बचावलं. दुसऱ्या दिवशी दुकानदारांच्या मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये मदत केंद्र उघडलं. औषधवाल्याने बिस्किटांची खोकी आणली, भांडीवाल्याने पातेली. आता हा काय नेणार, साबणाचं पाणी? मग त्याची नजर मागच्या दांडीवर गेली. कोणी न नेलेले चाळीस कपडे तिथे लटकत होते. तीन महिन्यांनंतर दुकान जबाबदार नाही, असं पावतीच्या मागे छापलेलंच होतं. त्याने एकेक चिठ्ठी सोडवली, कपड्यांवर पुन्हा इस्त्री फिरवली आणि गठ्ठा हॉलमध्ये नेऊन ठेवला. बाकीच्यांच्या चुरगळलेल्या ढिगाशेजारी तो असा काही उठून दिसला, की औषधवाल्याने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. कडक लाजला खरा, पण आतून सुखावला. कपड्यांच्या टेबलावर त्यालाच बसवलं.

दुपारी रांगेत दवाखान्यातली आया आली. जुनं गिऱ्हाईक. नवरा जाऊन दीड वर्ष झालेलं. अंगात कोणाचं तरी ढगळ स्वेटर, पाय चिखलाने भरलेले. कडकला पाहताच तिचा चेहरा उजळला.

"भाऊ, तुम्ही! अहो, घरात चमचासुद्धा राहिला नाही. पण सकाळपासून मी सगळ्यांना सांगतेय, यांचा कोट सुखरूप आहे म्हणून. घरी ओल, म्हणून तर तुमच्याकडेच राहू दिला. बोलले होते ना मी तुम्हाला?"

बोलली होती. राखाडी कोट, कोपराला तिच्याच हातचं ओबडधोबड रफू. चिठ्ठी सोडवताना कडकला ते आठवलंही होतं. 'वर्षभर फिरकली नाही, आता कसली येते' असं मनाशी म्हणून त्याने तो गठ्ठ्यात टाकला. आणि तासाभरापूर्वी स्वतःच्या हाताने एका उंच ट्रकवाल्याच्या अंगावर चढवला. तो ट्रकवाला समोरच खिडकीपाशी बसला होता. त्याची लहान लेक कोटाच्या आत गाढ झोपली होती.

खरं सांगून टाकायला कडकने तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"पावती आहे का, ताई?"

पंधरा वर्षांत त्याने तिच्याकडे कधी पावती मागितली नव्हती. ती गोंधळली.

"वाहून गेली असेल हो."

"मग... बघावं लागेल."

"बघा ना. मला काही घाई नाही."

इतक्यात औषधवाला बिस्किटं वाटत आला. "ताई, या भल्या माणसाकडून हवं ते घ्या. चाळीस कपडे दिलेत यांनी, थेट दुकानातले!"

आयाबाईने गठ्ठ्याकडे पाहिलं. मग हॉलभर नजर फिरवली. नजर खिडकीपाशी, त्या कोटावर जाऊन थांबली. आता ही बोंब ठोकणार, असं कडकला वाटलं. ठोकली असती तर बरं झालं असतं. चारचौघांत चार शिव्या खाल्ल्या असत्या, म्हणजे रात्री घास तरी गिळता आला असता.

तिने गठ्ठ्यातली एक शाल उचलली.

"त्या दादांना सांगा," ती हळूच म्हणाली, "आतला डावा खिसा उसवलाय. काही ठेवू नका म्हणावं त्यात. तुम्ही टाका घालतो म्हणाला होतात, राहून गेलं असेल."

राहूनच गेलं होतं. शरमेने कडकला मान वर करवेना. ती गेल्यावर तो उठला. वीस पावलं चालून खिडकीपाशी गेला. त्याने निरोप सांगितला. लेक जागी होऊ नये म्हणून ट्रकवाला आवाज न करता हसला.

"बारीकसारीक सगळं माहीत आहे की तुम्हाला! तुमचाच होता का हो कोट?"

"माझा नाही," कडक म्हणाला. कोणाचा, ते सांगायला त्याची जीभ रेटली नाही.