डबल बेल

सिन्नरच्या कारखान्यात मुलीला नोकरी लागली. पहिल्या दिवशी मी तिच्यासोबत नाशिकहून एसटीने गेलो. ती खिडकीपाशी बसली, मला तीन रांगा मागे जागा मिळाली.

कंडक्टर बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या. महिला सवलतीत मुलीचं अर्धं आणि माझं पूर्ण, असे तिकिटांचे नेमके सुटे पैसे मी दिले. ते न मोजता त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. प्रत्येकाकडे त्या तशाच बघत होत्या.

शिंदे-पळसेचा टोलनाका मागे पडला आणि मुलगी एकदम उठून उभी राहिली. शेजारचा माणूस मुद्दाम अंगचटीला येत होता. गर्दीतून मी पुढे सरकेपर्यंत बाई तिथे पोचल्या होत्या. त्यांनी दोरी ओढून एक बेल दिली. गाडी थांबली.

"ओ मॅडम, उशीर होतोय. पोरीला पुढं बसवा ना," कोणीतरी ओरडलं.

"पोरगी कशाला उठंल? उठायचं यानं." मग त्यांनी ड्रायव्हरला हाक दिली, "दादा, हा उठल्याबिगर डबल बेल नाय!"

डबल बेलशिवाय एसटी हलत नाही. सगळी गाडी त्या माणसाकडे बघू लागली. तो पुटपुटत उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. मुलगी पुन्हा खिडकीपाशी बसली.

उतरताना ती म्हणाली, "बाबा, उठले तेव्हा नोकरी सोडायचंच ठरवलं होतं."

त्या बाई पुन्हा भेटल्या नाहीत. आभार राहूनच गेले. परवा मुलगी घरी उशिरा आली. कारण विचारलं, तर चप्पल काढता काढता म्हणाली, "एका मुलीसाठी आज मी गाडी थांबवायला लावली."