आठची मालिका, समोर अकरालाच

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आईला याचा इतका अभिमान आहे की ती माझ्याशी जपून बोलते. मी पुस्तक उघडलं की ती मिक्सर लावायची थांबते. काही सांगायला आलीच तर "असू दे, तुला अभ्यास असेल" म्हणून दारातूनच परत जाते. बऱ्याचदा माझ्या हातातलं पुस्तक नुसतंच उघडलेलं असतं. पण हे तिला कसं सांगायचं, ते मला अजून जमलेलं नाही.

अपवाद फक्त आठ ते साडेआठचा. आठ वाजता तिची मालिका लागायची आणि मी तिच्या शेजारी जाऊन बसायचो. मालिकेत एक मोठी सून, एक धाकटी सून, अंथरुणाला खिळलेले सासरे आणि घर कोणाच्या नावावर यावरून चाललेलं न संपणारं राजकारण. कॉलेजात मी हे कोणाला सांगत नाही. तिथली मुलं कोरियन मालिकांबद्दल बोलतात आणि मी नुसती मान हलवतो. पण खरं सांगायचं तर मला तो अर्धा तास फार आवडायचा. जाहिराती लागल्या की पुढे काय होणार यावर आमचा वाद सुरू व्हायचा. आईचा अंदाज हमखास चुकायचा, कारण मोठी सून आता सुधारणार असं तिला रोज वाटायचं.

"सुधारेल रे. माणसाला कधीतरी लाज वाटतेच."

"आई, ती सुधारली तर मालिकाच बंद पडेल."

"गप बस. दोन पुस्तकं वाचलीस म्हणून मला शिकवू नकोस."

हे शेवटचं वाक्य तिने मला दिवसात दुसऱ्या कुठल्याही वेळी ऐकवलं नसतं. मी बसायचो ते त्याच्यासाठी. बाबा कामणला एका गोदामात मालाच्या चढउतारावर देखरेख करतात, त्यांना घरी यायला उशीर होतो. त्यामुळे या अर्ध्या तासाचे मालक आम्ही दोघंच, असं मी धरून चाललो होतो.

नाताळ झाला आणि आईचे अंदाज बरोबर यायला लागले.

आधी मला कौतुक वाटलं. सासरे सही करणार नाहीत म्हणाली, त्यांनी केली नाही. धाकटी माहेरी जाणार म्हणाली, ती बॅग घेऊन निघालीच. मी म्हटलं, "आई, तू तर लेखिकाच झालीस." ती पदार्थात मीठ जास्त पडल्यावर गप्प होते तशी गप्प राहिली. मग एका संध्याकाळी साबणाची जाहिरात चालू असतानाच तिने गाऊनच्या बाहीने डोळे पुसले. मी तिच्याकडे बघतच राहिलो. जाहिरात संपली, मालिका सुरू झाली आणि सासरे गेले.

"तू हे आधी बघितलंयस."

"सकाळी," ती म्हणाली. "समोर."

समोर म्हणजे आमच्या दारासमोरचं दार. आमची बिल्डिंग जुनी, एव्हरशाईन सिटीच्या मागच्या अंगाला, एका मजल्यावर दोनच घरं. समोर राहतात त्या आंटी ख्रिश्चन, मूळच्या पापडी गावच्या. नवरा गेल्यावर मुलाने त्यांना हा फ्लॅट घेऊन दिला आणि तो कॅनडाला गेला. पापडीला त्यांच्या भावाची वाडी आहे, तिथून केळफूल नाहीतर अळूची पानं आली की अर्धी आमच्याकडे येतात. आमच्याशी त्या आपण बोलतो तसंच मराठी बोलतात, पण फोनवर बहिणीशी त्यांची घरची बोली सुरू झाली की मला त्यातलं निम्मंच कळतं. त्यांच्या मुलाने नाताळच्या आधी तिकडून त्यांच्या टीव्हीवर मालिकांचा प्रीमियम प्लॅन चालू करून दिला होता. प्रीमियमवाल्यांना आठचा भाग सकाळीच दिसतो. मी कॉलेजला गेलो की अकरा वाजता आई समोर जायची, दोघी तो भाग बघायच्या, आणि संध्याकाळी आई माझ्या शेजारी बसून तोच पुन्हा बघायची.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुला अंदाज करायला आवडतं ना. तुझा विरस कशाला?"

म्हणजे ती माझं मन राखत होती. ज्या अर्ध्या तासात ती मला जपत नाही असं मला वाटत होतं, त्यातही ती मला जपतच होती. याचा राग मी तिच्यावर काढायला हवा होता, पण तो सगळा आंटींवर गेला. मी त्यांच्याकडून केळफूल घेताना नीट हसेनासा झालो. दुपारी लवकर आलो आणि समोरच्या घरातून आईच्या हसण्याचा आवाज आला, तर मी जिन्यातच थोडा वेळ उभा राहायचो. ती तिथे ज्या आवाजात हसत होती, तो आवाज आमच्या घरात नव्हता.

मग मी ठरवलं, आपणही घ्यायचं. आठवीच्या दोन मुलांची शिकवणी मी घेतो, ते पैसे माझे. सगळ्यांत स्वस्त प्लॅन निवडला आणि घरी येऊन मोठ्या तोऱ्यात टीव्हीला जोडायला गेलो, तेव्हा कळलं की तो प्लॅन फक्त मोबाईलपुरता आहे. अक्षरं बारीक होती, पण मी शिकलेला असल्याने ती मी वाचायला हवी होती. मग आठची वाट न बघता मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला. आईने चष्मा लावला, काढला, परत लावला.

"ही मोठी का धाकटी?"

"धाकटी. हिरवी साडी."

"सगळ्याच मुंग्यांएवढ्या दिसतात रे."

दोन दिवस ती माझ्यासाठी मुंग्या बघत बसली. तिसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. अकरा वाजता तिने हळूच चपला घातल्या. समोरच्या घरी जायला चपला लागत नाहीत, पण घातल्या.

फेब्रुवारीत एका बुधवारी आंटी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चमधून आल्या आणि दारातच आईला म्हणाल्या, "आजपासून बंद. ईस्टरपर्यंत मालिका नाही." उपवासाच्या त्या चाळीस दिवसांत त्यांच्यात काहीतरी आवडीचं सोडतात. दरवर्षी त्या चहातली साखर सोडायच्या. यंदा म्हणे साखर डॉक्टरनेच बंद केली, मग देवाला सोडायला राहिलं काय? म्हणून मालिका.

मला झालेला आनंद मी लपवला, पण त्याच दिवशी कॉलेजच्या आवारात उभं राहून प्लॅन वाढवला, टीव्हीवर चालणारा घेतला. आधीच्यापेक्षा बराच महाग. मनात म्हटलं, चाळीस दिवस माझे. घरी येऊन आईला सांगितलं, उद्या अकराला मी थांबतो, पहिला तास तसाही महत्त्वाचा नसतो.

"मी पण सोडल्यात," ती म्हणाली.

"काय?"

"मालिका. त्यांनी सोडल्यावर मी कशी बघू? त्यांच्या समोर ते बरं दिसतं का?"

"अगं, पण आपण ख्रिश्चन नाही."

"चातुर्मासात मी वांगं सोडते. वांगं काय हिंदू असतं?"

मी एकटाच बघत राहिलो. महागाचा प्लॅन, मोठा टीव्ही, आणि सोफ्यावर मी एकटा. दोन्ही दारं उघडी ठेवून त्या दोघी समोरच्या घरात पावटे सोलत बसायच्या आणि मालिकेपेक्षा मला तिकडचंच जास्त ऐकू यायचं. मालिका नव्हती तरी आई तिकडे जातच होती. उलट आता ती दोनदा जायची, सकाळी एकदा आणि आठला एकदा, कारण आठ वाजता घरात थांबलं तर मोह होतो म्हणे.

मग मला पळवाट सुचली. व्रत मालिकेचं आहे, सिनेमाचं नाही. एक नवा मराठी सिनेमा, थिएटरातून नुकताच उतरलेला, भाड्याने मिळत होता. एकदा लावला की अठ्ठेचाळीस तासांत बघून संपवायचा. त्या एका सिनेमाचं भाडं माझ्या महिन्याच्या प्लॅनपेक्षा जास्त होतं. महिन्याभराच्या मालिका एकीकडे आणि दोन-अडीच तासांचा एक सिनेमा एकीकडे, आणि तोही आपला होत नाही. परवडतं का हे, असं मी स्वतःला विचारलं आणि उत्तर यायच्या आत पैसे भरले. मला आईबरोबरचे दोन-अडीच तास हवे होते.

शनिवारी संध्याकाळी आईला म्हटलं, "बस, तुझ्यासाठी सिनेमा आणलाय. भाड्याने."

"भाड्याने?" तिचे डोळे चमकले. "थांब हं," म्हणाली आणि उठून गेली. परत आली ती आंटींना घेऊन.

माझा चेहरा बोलला असावा.

"अरे, भाड्याने आणलेला सिनेमा दोघांनीच बघायचा?" आई म्हणाली. "आमच्या गावी व्हिडिओ भाड्याने आणला की अख्खी वाडी अंगणात बसायची. तेव्हा कुठे वसूल व्हायचा."

"पण आंटी, तुमचं तर व्रत..." मी शेवटचा प्रयत्न केला.

"मी मालिका सोडल्यात बाळा," आंटी सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाल्या. "सिनेमाबद्दल देवाशी काही बोलणं झालेलं नाही."

दोघी हसल्या. सोफ्यावर दोघींचीच जागा, मी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि त्यांच्या मागे बसलो. आपल्याच पैशांच्या सिनेमात आपल्याला मागची सीट. सिनेमा कसा होता ते मला सांगता येणार नाही, कारण मी सगळा वेळ दोन डोक्यांच्या मधून बघत होतो, आणि ती डोकी दर दोन मिनिटांनी एकमेकींकडे वळत होती.

अर्ध्यावर माझा फोन वाजला. कॅनडाचा नंबर. आंटींचा मुलगा. कधी काही लागलं तर म्हणून त्याने माझा नंबर घेऊन ठेवला होता, पण आजवर कधी फोन केला नव्हता. मी बाहेर जिन्याजवळ गेलो.

"सॉरी हं, मम्मी फोन उचलत नाहीये," तो म्हणाला. "बरी आहे ना ती?"

"हो. आमच्याकडेच आहेत. फोन घरी राहिला असेल."

"नक्की बरी आहे ना? डोळ्यांचं वगैरे काही झालंय का? मला सांगायची नाही ती."

मी म्हटलं, का बरं? तो ओशाळल्यासारखा बोलला. तो प्लॅन त्याच्याच खात्यावर आहे. तिकडून त्याला मालिका बघता येत नाही, पण आईने काय बघितलं ती यादी दिसते. तो रोज सकाळी उठला की आधी ती उघडतो. नवा भाग बघून झालेला दिसला की त्याला कळतं, आई उठली, अंघोळ झाली, टीव्ही लावला, ठीक आहे. दोन आठवडे ती यादी एकाच भागावर अडकली होती.

"फोनवर बरी असते रे," तो म्हणाला. "पण फोनवर सगळ्याच आया बऱ्या असतात."

मी त्याला राखेच्या बुधवारचं सांगितलं.

"उपवासकाळ," तो म्हणाला. "मी विसरलोच होतो." मग स्वतःला सावरत त्याने विचारलं, "तीन महिन्यांचा प्लॅन संपत आलाय. परत भरू का? तू बघतोस ना रोज समोरून. एवढे पैसे घालण्यासारखं आहे का ते? की ती आपली माझ्यासाठी लावून ठेवते?"

मी लगेच उत्तर दिलं नाही, हे मला लिहायला हवं. नाही म्हणालो असतो तर त्याने बंद केला असता. आईला अकरा वाजता समोर जायचं कारण उरलं नसतं, निदान एक कारण तरी कमी झालं असतं. ते सगळं माझ्या एका शब्दावर होतं आणि दारातून त्या दोघींचं हसणं येत होतं.

"भरा," मी म्हणालो. "बघतात त्या. ईस्टर झाला की परत बघतील."

आणि त्याच वेळी मला त्याचाही हेवा वाटला. इतक्या लांबून त्याला कळत होतं की आपली आई आज उठून टीव्हीसमोर बसली. मी एकाच घरात राहतो, आणि माझी आई दिवसभर काय करते हे मला नुसतं ऐकू आलेल्या हसण्यावरून ठरवावं लागतं. तिची यादी माझ्याकडे नव्हती. मी कधी मागितलीही नव्हती.

मी आत जाऊन आंटींना फोन दिला. "अरे सोन्या!" म्हणत त्या उठल्या आणि बोलत बोलत समोर आपल्या घरी गेल्या. आईने सिनेमा थांबवला. पडद्यावर नायक तोंड उघडं ठेवून अडकला. मी खुर्ची सोडून सोफ्यावर बसलो.

मालिकेवर बोलायची सोय नव्हती. शेवटी विचारलं, "आज दिवसभर काय केलंस?"

आईने संशयाने माझ्याकडे पाहिलं. "का? काय पाहिजे?"

"काही नको. सहज."

"नापास-बिपास झालायस का?"

"नाही गं. सांग ना."

"काय करणार? सकाळी पाणी आलं नाही. मग खालच्या टाकीवरून दोन हंडे आणले. तर तिथे तो वॉचमन मला सांगतो..." आणि ती सांगू लागली. वॉचमन काय म्हणाला, मग सेक्रेटरीची बायको गॅलरीतून काय ओरडली, मग आईने वर बघून काय ऐकवलं. सेक्रेटरीच्या बायकोचा आवाज तिने हुबेहूब काढला. मी हसलो तशी ती आणखी रंगली आणि पाय वर घेऊन बसली.

तेवढ्यात आंटी परत आल्या, डोळे पुसत, माझा फोन पुढे करत. "झालं बाई. लाव गं सिनेमा."

"थांबा हो आंटी," आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "याला सांगतेय जरा."

आंटी माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि थांबल्या. त्या 'थांबा हो'चा मला जो आनंद झाला, तो काही चांगल्या माणसाला होण्यासारखा नव्हता. पण झाला.