दूध सोडून बाकीची कॉफी

त्या रविवारी फोनवर तुम्हा नातवंडांना आजोबा दिसले, मागचा ओटा दिसला आणि ओट्यावरचं काळं मशीन दिसलं. त्याआधी आमच्या घरात काय चाललं होतं ते तुम्हाला दिसणं शक्य नव्हतं. ते लिहून ठेवते, कारण मशीनची कल्पना तुमच्यापैकी मोठीची होती. आपल्या एका वाक्याने इकडे काय काय हललं हे तिला माहीत असावं.

आजोबांचा उजवा हात गेलं वर्षभर थरथरतो आहे. दिवाळीनंतरच्या थंडीत एका सकाळी त्यांनी गॅसवरून कॉफीचं पातेलं उतरवलं आणि ते निसटलं. उकळतं दूध पावलावर सांडलं. जुन्नरच्या डॉक्टरांनी पट्टी केली, जखम हळूहळू भरली. जखमेपेक्षा तुमच्या बाबांचा फोन जड गेला.

"आई, आप्पांनी आता गॅसला हात लावायचा नाही," ते म्हणाले. आजोबांना ते लहानपणापासून आप्पाच म्हणतात. "पुन्हा असं झालं तर मी येतो, बोरीच्या घराला कुलूप लावतो आणि तुम्हा दोघांना पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवतो. तिथे लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे. बोरीत उसाला लागून दोघंच राहता. अंधार पडला की बिबट्याच्या भीतीने दार उघडत नाही. काही झालं तर हाक कोणाला मारणार?"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तेवढ्यात मागून मोठी म्हणाली, "मग आजोबांना कॉफी मशीन घ्या ना."

तुमचे बाबा म्हणाले, "बरं. मशीन घ्या. रविवारी फोनवर आप्पांनी माझ्यासमोर कॉफी करून दाखवायची, आई, तू मध्ये यायचं नाही. जमलं तर राहा तिथे. नाही जमलं तर मी तिकडे यायचं तिकीट बघतो."

परीक्षा घ्यायची ही सवय त्यांना माझ्यामुळेच लागली आहे. मी आयुष्यभर जुन्नरच्या शाळेत इंग्रजी शिकवलं.

तुम्हाला वाटेल, आजीने करावी कॉफी, प्रश्न मिटला. पाय भाजल्यानंतर मी केली होती. आजोबांनी कप हातात घेतला, खाली ठेवला आणि गोठ्याकडे निघून गेले. गोठ्यात आता काही नाही. तरी बराच वेळ तिथेच होते.

आजोबांच्या घरी पिढ्यानपिढ्या मेंढरं होती आणि चहा होता. कॉफी माझ्या माहेरची, पुण्याची. नुसत्या दुधाची, साखर घालून उकळलेली, वरून जायफळ किसलेली. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा शाळेसाठी सकाळची पहिली एसटी धरावी लागे आणि चूल पेटवण्यापासून सगळं उरकता उरकता कॉफी राहूनच जाई. एक दिवस आजोबा माझ्या वडिलांकडून ती शिकून आले. त्यांच्या आईला ते बघवेना. "आमच्यात गडी चुलीम्होरं बसत न्हाई," म्हणायच्या. आजोबा म्हणायचे, "बसत न्हाई गं, उभा हाय." तेव्हापासून घरातली पहिली कॉफी त्यांची. भांडण झालेलं असो, कोणी आजारी असो, ती कधी चुकली नाही. स्वयंपाकघरातलं दुसरं कुठलंच काम त्यांना येत नाही. तुमच्या बाबांना वाटत होतं की प्रश्न एका पातेल्याचा आहे.

शुक्रवारी आम्ही जीपने नारायणगावला गेलो. टोमॅटोच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला होता. आजोबा खिडकीतून बाहेर बघत होते आणि डाव्या हाताने उजवा हात मांडीवर दाबून धरत होते.

दुकान एक तरुण बाई चालवते. आम्हाला बघून तिने खुर्च्या पुढे केल्या.

"बसा आज्जी. बसा बाबा. मिक्सर दावू का?"

"कॉफीचं मशीन," मी म्हटलं.

"कुणाच्या लग्नात द्यायचंय व्हय?"

"आमच्याच," आजोबा म्हणाले. "जरा उशीर झालाय."

ती हसली. मला हसू आलं नाही, कारण त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर टकटक वाजत होता आणि तिचं लक्ष तिकडे गेलं होतं.

तिने दोन मशीनं काढली. पहिलं गुळगुळीत, उभं. त्यात कॉफीची छोटी डबी बसवायची आणि बटण दाबायचं, की कॉफी थेट कपात. काच नाही, उघडी वाफ नाही. मी मनात तेच पक्कं केलं.

"लई सोपं हाय बाबा," ती म्हणाली. "डबी टाकली, बटण दाबलं, इषय संपला."

"आन मी काय करायचं?"

"तुमी निस्तं बसायचं."

"बसायचंच आसंल तर पुण्याला जाऊन बसतो की," आजोबा म्हणाले.

तिला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं. तरी मी म्हटलं, "एकदा करून बघा." त्यांनी ती डबी चिमटीत धरली. खाचेपर्यंत नेली. डबी खाचेच्या कडेवर वाजत राहिली, आत जाईना. मग सुटली आणि घरंगळत फ्रीजखाली गेली. बाई वाकायला लागली तसे आजोबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." आवाज असा होता की ती वाकलेली सरळ झाली.

दुसरं मशीन साधं होतं. वर टाकी, मध्ये चाळणीची वाटी, खाली काचेचं भांडं. तिने भराभर दाखवलं. "हितं भरायचं, हितं पूड टाकायची, ह्यो खटका खाली करायचा. थेंब थेंब खाली येतंय." खटका मोठा होता. आजोबांनी तो बोटाने न दाबता तळहाताच्या टाचेने दाबला. पहिल्या झटक्यात खाली गेला. त्यांनी तो वर केला, पुन्हा दाबला.

"ह्येच," ते म्हणाले.

मी त्यांना बाजूला घेतलं. "भांडं काचेचं आहे. कढत कॉफी त्यातून ओतायची आहे, थरथरत्या हाताने."

"माहीत हाय."

"ते पहिलं घेतलं तर रविवारी काही प्रश्नच येणार नाही."

"तू हे मला घेतीयास का पोराला दावायला?"

दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. मी दुसरं मशीन बांधायला सांगितलं.

आता माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे. कुठलीही वस्तू आणली की सोबतचं माहितीपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मी तिला हात लावत नाही. शुक्रवारी संध्याकाळी लाईट नव्हती, म्हणून वाचन शनिवारवर टाकलं. शनिवारी मला जाग आली ती वासाने. करपलेल्या दुधाचा वास.

स्वयंपाकघरात मशीन गुरगुरत होतं. वरून वाफ, झाकणाच्या फटीतून फेस, आणि खाली काचेच्या भांड्यात तपकिरी, फुटलेले थेंब. आजोबा दोन्ही हात पाठीमागे धरून उभे होते. मी खटका वर केला, पिन काढली.

"काय घातलंत?"

"दूध."

"टाकीत?"

"हितं भरायचं, म्हणली ती. भरलं." मग म्हणाले, "आपल्या कॉफीत पानी कुठं आस्तं?"

आणि ते खरंच होतं. दुकानात तिने 'पाणी' हा शब्द उच्चारला नव्हता. टाकी रिकामी ठेवूनच दाखवलं होतं. आमच्या घरात कॉफी म्हणजे दूधच; त्यात पाणी घालणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. माहितीपत्रकात पहिल्याच पानावर ठळक इंग्रजीत लिहिलं होतं की टाकीत थंड पाण्याशिवाय काहीही घालू नये. ते मी त्यांना वाचून दाखवलं नाही.

रविवार दुसऱ्याच दिवशी होता. मी लगेच टाकी धुतली, लिंबाचं पाणी भरून मशीन चालवलं. पांढऱ्या गाठी आल्या. पुन्हा पाणी. मध्येच लाईट गेली, ती आल्यावर पुन्हा. मशीन मध्येच थांबे, घसा खाकरल्यासारखं करी, आणि दर वेळी मला वाटे की आता हे बंद पडणार. नारायणगावला जाऊन दुसरं आणायला वेळ नव्हता, आणि काय सांगून आणणार होते? दुपारपर्यंत पाणी स्वच्छ येऊ लागलं. वास मात्र गेला नाही.

आजोबा बाहेर बाजेवर बसले होते. मी सांगायला गेले की मशीन चालतंय. ते म्हणाले, "त्याला सांग फोन करून, मला न्हाई जमायचं. कुलूप लावायचं तर लाव म्हणावं."

एवढ्या वर्षांत त्यांनी कुठल्याही कामाला असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांची समजूत काढायला गेले असते तर ते गोठ्याकडे गेले असते. म्हणून मी फक्त कामाची वाटणी केली.

"दूध मी तापवून थर्मासमध्ये भरून ठेवते. तेवढं तुम्हाला बंद. दूध सोडून बाकीची कॉफी तुम्ही करा."

"दूध सोडून कॉफीत ऱ्हातं काय?"

"पूड, साखर, जायफळ."

त्यांनी उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले. हात आपला हलतच होता.

"जायफळ किसायला बरा हाय," ते म्हणाले.

रविवारी ठरल्या वेळी फोन वाजला. मी तो डब्याला टेकवून ओट्यावर उभा केला आणि बाबांनी सांगितल्याप्रमाणे मागे सरकले. तुम्ही दोघं बाबांच्या खांद्यावरून वाकून बघत होतात. धाकटा काहीतरी खात होता.

"चला आप्पा," तुमचे बाबा म्हणाले.

आजोबांनी टाकीत पाणी भरलं. थोडं बाहेर गेलं. पूड चमच्याने घेतली. चमचा वाटीच्या वर पोचेपर्यंत अर्धी ओट्यावर. त्यांनी दुसरा चमचा घेतला नाही, सांडलेली हाताने गोळा केली आणि वाटीत टाकली. खटका तळहाताच्या टाचेने खाली. मशीनचा लाल दिवा लागला.

आणि तेव्हाच शेजारच्या शिवारातल्या मोटरी सुरू झाल्या. मोटरी एकदम लागल्या की आमच्या वस्तीवरचा दिवा पिवळा पडतो. तुम्हाला पडद्यावर तेवढंच दिसलं असेल की आजोबांचा चेहरा काळवंडला. मशीनची गुरगुर थांबली. लाल दिवा मिचमिचला.

"काय झालं? बंद पडलं का?" बाबांनी विचारलं.

आजोबांनी मान वळवली नाही. "लाईट दमलीया. यील." त्यांनी किसणी उचलली आणि बशीत जायफळ किसायला लागले. तो आवाज सोडला तर घरात आवाज नव्हता. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. पुढे होऊन मशीनवर हात ठेवावा असं वाटत होतं, जसं काही त्याने ते चाललं असतं.

दिवा पुन्हा पांढरा झाला. पहिला थेंब काचेवर पडला तेव्हा आजोबांचं किसणं थांबलं नाही.

भांडं भरलं. आता ओतायचं होतं. मला याचीच धास्ती होती. आजोबा खाली वाकले आणि ओट्याखालून पिठाची मोठी परात काढली. ती ओट्यावर ठेवली, परातीत मधोमध दोन कप ठेवले. मग काचेच्या भांड्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला, कोपर बरगड्यांना चिकटवून, जसे त्यांचे वडील तान्हं कोकरू धरायचे. ओतलं. पहिली धार कपाच्या बाहेर गेली.

"आप्पा, सांडलं."

"परातीत सांडलं," आजोबा म्हणाले. "मंग परात कशापायी ठिवलीया?"

धाकटा हसला. तुमचे बाबा हसले नाहीत. ते बघत होते. आजोबांनी दुसऱ्या कपातही अर्ध्यापर्यंत कॉफी ओतली, भांडं जागेवर ठेवलं, थर्मासमधलं दूध तसंच दोन्ही हातांनी घातलं, साखर घातली, जायफळ चिमटीने वरून सोडलं. परातीत एक तपकिरी तळं साचलं होतं. भाजलं कुठे नव्हतं.

तुमचे बाबा म्हणाले, "परात रोज घ्यायची, आप्पा."

"व्हय."

त्यांनी तिकिटाचं नाव काढलं नाही. थंडी किती आहे विचारलं, आणि फोन ठेवला.

मग आजोबांनी माझा कप परातीतून उचलला, बुडाशी लागलेली कॉफी स्वतःच्या धोतराला पुसली आणि मला आणून दिला. चार पावलं चालत आले, आणखी थोडी सांडली. मी प्यायले. दुधाचा करपट वास मशीनमध्ये अजून होता, आणि त्याखाली दुसरंच काहीतरी खटकत होतं.

"कशी झालीया?" त्यांनी विचारलं.

पेपर तपासताना मी कोणाला फुकट गुण दिले नाहीत. "पाणचट," मी म्हटलं.

त्यांनी मशीनचा खटका वर केला.

"उद्या पूड वाढवतो," ते म्हणाले.