परक्या घरची ड्यूटी

अंग पुसायचं पाणी ती आधी आपल्या मनगटावर ओतून बघायची आणि मग विचारायची, "चटका तर बसून न्हाई ना राहिला, आई?" पेशंट तांड्यावरची असो, नाहीतर बाजारातल्या कापडवाल्यांची अम्मी असो, तिच्यासाठी ती 'आई'च. डॉक्टरांच्या सासूबाई दाखल झाल्या तेव्हा त्यांनाही तिनं तीच हाक मारली. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. घरी जाताना मात्र 'माझी पोरगी कुठंय' म्हणून तिला शोधत होत्या.

कळमनुरीच्या त्या दवाखान्यात मी काउंटरवर बसते. मला फारसं बोलायला जमत नाही, म्हणून बघणं जास्त होतं. अशी एखादी सिस्टर तुमच्याही पाहण्यातली असेल. स्टुलावर बसलेली कधी दिसत नाही, आणि बसली तरी कान वॉर्डातच.

ती तांड्यावरची. नवरा वारलेला, मुलगी आजीपाशी. मुलगी तिला याडी म्हणते, म्हणजे बंजारा बोलीत आई. इंग्लंडच्या एका कंपनीनं वृद्धाश्रमातल्या कामासाठी तिला कुशल कामगाराचा व्हिसा काढून द्यायचं ठरवलं, तेव्हा ती माझ्याकडे मुलाखतीच्या तयारीला येऊ लागली. मी इंग्रजी शाळेतली ना!

"तुमचं काम काय?" मी इंग्रजीत विचारायची.

"आई लोकायला पाहते."

"ताई, पेशंट म्हण."

"पेशंट म्हणलं की माणूस जास्तच आजारी पडते, पोरी."

मुलाखत तरीही पार पडली. तिकडे पाय रोवले की मुलीला चांगल्या शाळेत घालायचं, एवढाच तिचा बेत होता.

तिकडे वृद्धाश्रम नव्हताच. मालक आपल्याच देशातला. त्यानं तिला स्वतःच्या घरी ठेवलं, अंथरुणाला खिळलेल्या त्याच्या आईपाशी. आंघोळ, औषधं, स्वयंपाक, सगळं तिच्याकडे. पगाराचं विचारलं की ती म्हणायची, "जेवणखाण बराबर हाय." आणि फोनचा कॅमेरा म्हातारीकडे वळवायची. "ही बघ, आई कशी हसून राहिली."

पुढे तिथल्या सरकारनं असल्या कंपन्यांवर कारवाई सुरू केली. माणसं आणायची एका कामाच्या नावावर आणि राबवायची दुसरीकडेच, याची तपासणी होऊ लागली. एक दिवस दोन अधिकारी त्या घरी आले. तू इथं कुणासाठी काम करतेस, त्यांनी तिला विचारलं.

"मग काय सांगितलंस?" मी फोनवर विचारलं.

"म्हणलं, काम कसलं साहेब, आई हाय माझी."

"असं का सांगितलंस, ताई?"

"मंग काय, त्यायच्याच घरात बसून, त्यायच्या आईसमोर त्यायची चुगली करू?"

"अगं, ते तुझ्यासाठीच आले होते."

"व्हय. पण चहा बी न्हाई घेतला त्यायनी."

मला हसू आलं. 'आई हाय माझी' म्हणणं आपल्याकडे माणुसकीचं. तिथं जबाबात उतरलं ते असं, की बाई काहीच काम करत नाही. बाहेरून माणसं आणायचा कंपनीचा परवाना गेला. आता ठरलेल्या मुदतीत दुसरा मालक मिळाला तरच तिला राहता येणार होतं, आणि नवा मालक पहिलं विचारणार, आजवर इथं काय काम केलंस?

मुदत सरत होती. नोकरी शोधायची सोडून ती म्हातारीपाशीच.

"तिचा लेक वकिलाच्या मागं पळून राहिला. तिला पाणी कोण पाजील? कंपनी बंद झाली म्हणून तिची तहान बंद झाली का?"

शेवटी एका अधिकारी बाईंनी तिला पुन्हा सांगायची संधी दिली. व्हिडिओ कॉल होता. भाषेसाठी तिनं मलाही जोडून घेतलं. मी आदल्या दिवशीच बजावलं होतं, या वेळी सगळं सांग. बाईंनी प्रश्न विचारला. तिनं तोंड उघडलं, आणि आतून म्हातारीची हाक आली. "बेटी!"

ती उठून गेली. पडद्यावर नुसती खुर्ची उरली. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, मग कुणीतरी कण्हलं, मग तिचं समजावणं. अधिकारी बाई आणि मी, दोघी ऐकत राहिलो.

"कुठे गेल्या त्या?" बाईंनी विचारलं.

अनोळखी माणसाशी माझा आवाज फुटत नाही. पण मी इंग्रजीत म्हणाले, "ड्यूटीवर, मॅडम. तुम्ही ऐकताय तीच तिची ड्यूटी."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. त्याचा उपयोग झाला की नाही, मला माहीत नाही. मुदत संपली आणि तेव्हापासून तिचा फोन लागत नाही.

तिची आई बाजाराच्या दिवशी नातीला घेऊन काउंटरपाशी येऊन उभी राहते. मी नंबर लावते, स्पीकरवर ठेवते. तिघी मिळून 'हा नंबर बंद आहे' अशी ती इंग्रजी सूचना पूर्ण ऐकतो.

परवा मुलीनं विचारलं, "मावशी, ती तिकडली आजी बरी झाली की याडी येईल ना?"

मी दवाखान्यात काम करते. तसल्या आजारातून त्या वयाचं माणूस उठत नाही, हे मला ठाऊक आहे. मी पुन्हा नंबर लावला.