या आठवड्यात कुणाशी बोललात?

परभणीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत माणसं कमी आणि किस्से जास्त. रविवारी उपासना झाली की पाळकसाहेबांच्या ओसरीवर आम्ही पाच-सहा जण चहाला बसायचो. चहाआधी साहेब प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, या आठवड्यात प्रभूविषयी कुणा अनोळखी माणसाशी बोललात? ज्याचं त्यानं सांगायचं. वर्षानुवर्षं हे चाललं, मग किस्से साठणार नाहीत तर काय!

साहेबांचा एक नियम होता. पहिल्याच वाक्यात देव काढायचा नाही. आधी समोरच्याचं पीकपाणी, लेकरंबाळं विचारायची.

मी शाळेत शिक्षिका, नियमाला पक्की. सोनपेठच्या एसटीत शेजारी पेरूची पाटी घेऊन एक बाई बसली. मी पेरूंची चौकशी केली. तिनं पेरू सांगितले, जाऊ सांगितली, नणंद सांगितली, दिराचं मोडलेलं लग्न सांगितलं. सोनपेठ आलं तरी माझा प्रभू माझ्या तोंडातच! उतरताना ती म्हणाली, "लय बरं वाटलं बाई. तुमी लय छान बोलता."

साहेबांनी हसत हसत तेही बोलणं मोजणीत धरलं. मी अजून छाती फुगवून सांगते.

पण आमचा खरा हिरा दानिएलमामा. बसस्टँडजवळ त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. चाक खोललं की गिऱ्हाईक जाणार कुठे? ऐकणारा रमला की मामांचा हात आपोआप मंदावायचा. बोरीच्या एका शेतकऱ्याला मामांनी आदाम-हव्वेपासून सुरुवात केली. येशूच्या जन्मापर्यंत आले तरी ट्यूब पाण्यातच. शेवटी त्या बिचाऱ्यानं हात जोडले. "मामा, समदं पटलं. आता तेवढी हवा भरा!"

हसा, पण मामांचं काळीज मोठं होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेली ती वर्षं. माणूस आधी आडनाव विचारायचा, मग रामराम घालायचा. भर उन्हाळ्यात एक जण पंक्चर सायकल ढकलत आला. खोदून खोदून मामांची मूळ जात विचारली आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला. मामांनी काम चालू ठेवलं आणि बोलणंही. तो तुटकपणे म्हणाला, तुमचा देव तुमच्यापाशीच राहू द्या. पण ऊन मरणाचं होतं आणि नजर सारखी माठाकडे जात होती. मामांनी तांब्या भरून पुढे धरला.

"देव राहू द्या, पाणी तरी घ्या. दोन्ही फुकटच हाय."

तो घटाघटा प्यायला आणि आणखी पाण्यासाठी तांब्या पुन्हा पुढे केला. त्या रविवारी मामांनी हे सांगितलं तेव्हा ओसरीवर प्रत्येकाची मान ताठ झाली होती.

मान खाली असायची ती फक्त राहेलबाईची. ती दवाखान्यात आया होती. दिवसभर रोग्यांशी बोलायची, पण प्रभूचं नाव काढायचं म्हटलं की तिची जीभ उचलायचीच नाही. पाळी आली की म्हणायची, माझं काही न्हाई. वर्षभर हेच. एकदा डोळे पुसत मला म्हणाली की आता मी ओसरीवर येणार नाही, रिकाम्या हातानं किती दिवस चहा प्यायचा? मला फार वाईट वाटलं. फक्त एक रविवार ये म्हणून कसंबसं तिला राजी केलं.

त्या रविवारी पुन्हा तिची पाळी आली, पुन्हा मान खाली गेली आणि तेवढ्यात दारात एक फेटेवाले शेतकरी येऊन उभे राहिले. चारठाण्याहून आले होते, दवाखान्यात राहेलबाईचा पत्ता विचारून. त्यांची म्हातारी आई महिनाभर दवाखान्यात राहेलबाईच्या देखभालीत होती, आता बरी होऊन घरी गेली होती. त्यांनी राहेलबाईला ओळखलं आणि आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले,

"बाई, आईनं पाठवलंय. तुमी तिला म्हणला होतात म्हणं, मला येशूबद्दल कुणाशी बोलायला जमंना, माझ्यासाठी त्याच्याकडं मागा. तवापासून ती रोज येशूकडं मागायलीय. तिनं विचारलंय, तुमाला जमलं का? न्हाई तर ती अजून मागत राहील."